हाकेला यावंसं वाटलं पाहिजे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, की हे चंचल मन जिथे जिथे भटकेल, तिथून तिथून त्याला परत आणावं आणि आत्म्याच्या ठायी स्थिर करावं. हा श्लोक मला पाठ होता, पण त्याचा अर्थ कळला एका कुत्र्यामुळे.

माझा वाऱ्या कारवानी जातीचा. नांदेड-लातूरकडच्या मित्रांना ही जात सांगायला नको. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-उंटांसोबत अशी कुत्रीही बघायला मिळतात. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते. लांबवर काही हललं, की पाय सुटतात आणि कान बंद होतात. पिढ्यान् पिढ्या त्यांनी माणसाकडे न बघता स्वतःच्या बळावर ससे धरले. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, पण रक्ताला कायदा कुठे कळतो?

वाऱ्या दहा महिन्यांचा असताना मी त्याला लोह्याजवळ मामांच्या शेतात मोकळा सोडला. तुरीतून ससा उठला आणि हा गेला थेट नांदेड-लातूर महामार्गाकडे. मी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. ट्रकचे ब्रेक ऐकू आले, तेव्हा मी डोळेच मिटले. अर्ध्या तासाने तो धापा टाकत, शेपूट हलवत माझ्याजवळ आला. मी काय केलं? पट्ट्याने दोन फटके दिले आणि बांधून टाकला.

त्यानंतर हाक मारली की तो दहा हातांवर येऊन थांबायचा. नुसता बघायचा. पुढे पाऊल नाही.

मामा म्हणाले, "त्यानं मार कवा खाल्ला रे? पळाला तवा का तुझ्याजवळ आला तवा? कुत्रं नाही बिघडलं बाबा, तुझी हाक बिघडली."

खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही.

मग मामांनी सांगितलं तसं पहिल्यापासून सुरू केलं. जुनी हाक सोडली, शिट्टी घेतली. घरातच शिट्टी वाजवायची आणि लगेच तूप लावलेला भाकरीचा तुकडा द्यायचा. आठवडाभर एवढंच. मग अंगण, मग शेत. शेतात वीस हातांचा कासरा, तोही गळ्यात नाही, छातीच्या पट्ट्याला. कारण ही जात एकदम सुटते, गळ्याला हिसका बसला तर इजा होते. कासऱ्याने ओढायचं नाही, तो फक्त लांब जाऊ नये म्हणून. शिट्टी वाजवून मी उलट्या दिशेने पळायचो. कुत्र्यामागे धावलं तर ते आणखी पळतं, आपण पळालो तर ते मागे येतं. आला की कौतुक, तुकडा, आणि पुन्हा मोकळं हुंदडू द्यायचं. नाहीतर त्याला वाटतं, हाक म्हणजे मजा संपली.

मामांनी आणखी एक गोष्ट शिकवली. ससा पळू लागल्यावर शिट्टी वाया जाते. कान टवकारले, अंग ताठ झालं, त्याच क्षणी बोलवायचं.

तीन महिने लागले. एका सकाळी हरभऱ्याच्या धुऱ्यावर वाऱ्या ताठ उभा राहिला. मी शिट्टी वाजवली. त्याने एकदा समोर पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि वळला. थेट माझ्या गुडघ्यांवर येऊन आदळला. माझे डोळे भरून आले. तरी रस्त्याजवळ कासरा आजही सोडत नाही. शहाणपण म्हणून.

आता श्लोकाकडे या. भगवंतांनी मनाला परत आणायला सांगितलं. परत आल्यावर फटके द्यायला सांगितलेलं नाही. आपण मात्र काय करतो? जपाला बसलो, मन मोबाईलकडे गेलं, दहा मिनिटांनी भानावर आलो की स्वतःला शिव्या. "तुझ्याच्यानं काही होणार नाही." म्हणजे मन घरी आलं आणि नेमका तेव्हाच मार खाल्ला! मग ते नामाजवळ यायला का-कू करतं, दहा हातांवर थांबून बघतं. पुढे ३४ व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात. माझ्यासाठी अभ्यास म्हणजे रोजची शिट्टी आणि वैराग्य म्हणजे तो रस्त्याजवळचा कासरा : मोहाच्या जागी स्वतःला मोकळं न सोडणं.

खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतात. पूर्वी मला ते कमीपणाचं वाटायचं. आता वाटतं, हाक ऐकून वळता येणं यापेक्षा मोठी भक्ती कोणती?

आजचा अभ्यास : जपाला फक्त पाच मिनिटं बसा. मन जितक्या वेळा परत येईल, तितक्या वेळा त्याला मनातच म्हणा, "आलास? बरं झालं."

येळकोट येळकोट जय मल्हार!