‘पुणे’ या शब्दात अक्षरे किती?

विद्यार्थी मित्रांनो, ‘पुणे’ या शब्दात अक्षरे किती, असे कोणी विचारले तर तुम्ही हसून ‘दोन’ म्हणाल. आता हाच प्रश्न शाळेतील संगणकाला विचारून पाहा. पायथन भाषेत लांबी मोजण्यासाठी ‘लेन’ नावाची तयार आज्ञा असते. तिला ‘पुणे’ हा शब्द दिला की उत्तर येते ४! रोमन लिपीत या नावाची अक्षरे चारच होतात, तेव्हा संगणकाने तीच मोजली असावीत, असा तर्क कोणी करील. मग ‘मुंबई’ देऊन पाहा. रोमन अक्षरे ६, पण उत्तर ५.

तर तो मोजतो तरी काय? युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. ‘प’चा २३४६, उकाराचा २३६९, ‘ण’चा २३३९ आणि मात्रेचा २३७५. संगणकाच्या लेखी ‘पुणे’ म्हणजे हे चार क्रमांक. जुन्या छापखान्यात जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांचे खण मांडलेले असत. तसा प्रत्येक अक्षराला आणि जोडाक्षराला वेगळा क्रमांक दिला असता, तर ते हजारोंच्या घरात गेले असते. म्हणून सुटी चिन्हे साठवायची आणि जुळणी पडद्यावर करायची. ही मांडणी आपल्याकडचीच बरे का! भारतीय लिपींसाठीच्या ‘इस्की’ या संकेतपद्धतीच्या १९८८ च्या मांडणीवरून युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीचा क्रम घेतला. इस्की वापरणारे ‘जिस्ट’ तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले.

म्हणजे अडचण साठवणीत नाही. ती माहितीपुस्तिकेत आहे. ‘लेन’ घटकांची संख्या सांगते, एवढेच पुस्तिका त्या जागी म्हणते. घटक म्हणजे युनिकोडचा क्रमांक, हे वेगळ्या पानावर आहे. दोन्ही विधाने खरी, पण पहिलेच पान वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार? उदाहरणे बहुधा इंग्रजी शब्दांची असतात, आणि तिथे घटक व अक्षरे सारखीच भरत असल्याने शंकाच येत नाही. मला यात विद्यार्थ्याचा दोष वाटत नाही. गो भाषेतील त्याच नावाची आज्ञा ‘पुणे’साठी १२ सांगते, कारण ती बाइट मोजते आणि यातील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. स्विफ्ट भाषेत मात्र तुमच्यासारखेच २ हे उत्तर मिळते.

समजा, निकालपत्रक छापणाऱ्या आज्ञावलीत नावासाठी आठ घटकांची मर्यादा आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे तर चार अक्षरी नाव, सहज बसेल, असे ती लिहिणाऱ्याला वाटले. पण त्यात घटक आहेत १०. शेवटचे ‘व’ आणि ‘र’ गळतील आणि पत्रकावर ‘ज्ञानेश्’ असे पाय मोडलेले नाव उमटेल. ते जन्मदाखल्याशी जुळणार नाही, आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतील ते मुलाच्या आईवडिलांना.

खरी अक्षरे मोजणारे तयार आज्ञावल्यांचे संग्रह, म्हणजे लायब्ऱ्या, मिळतात. त्यांतही एक मेख आहे. ‘क्षत्रिय’ शब्दाचे जुन्या नियमाने ५ तुकडे पडत: क्, ष, त्, रि, य. २०२३ च्या युनिकोड १५.१ आवृत्तीने नियम सुधारला आणि आता तुकडे ३ पडतात. म्हणून तीच आज्ञावली एका यंत्रावर ५ आणि दुसऱ्यावर ३ सांगू शकते. आपली लायब्ररी कोणत्या आवृत्तीचा नियम पाळते, हे पुस्तिकेत शोधूनच काढावे लागते.

आता वर्गात एक प्रयोग करा. ‘पुणे’ शब्दातील घटक उलट क्रमाने छापा. ‘णेपु’ येईल अशी तुमची अपेक्षा असेल. प्रत्यक्षात आधी बसायला अक्षरच नसलेली मात्रा येईल, मग उकार लागलेला ‘ण’ आणि शेवटी नुसता ‘प’. असे का झाले, ते वरच्या चार क्रमांकांवरून तुम्हीच शोधा.