शाळेच्या समितीवर विश्वासणाऱ्याने उभे राहावे काय?

अभ्यासाकरिता शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, ओव्या १ ते ७.

नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, आणि प्रत्येक शाळेस एक शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे सभासद निवडण्याकरिता पालकांची सभा भरते. त्या सभेत आपले नाव पुढे करावे की नाही, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबापांपुढे येतो. कित्येक म्हणतात, ते जगाचे राजकारण आहे, त्यात आपण पडू नये. दुसरे कित्येक म्हणतात, आपला एक माणूस आत असला म्हणजे आपली कामे होतील. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वाचकांनी वर सांगितलेला अध्याय उघडून आपल्यापुढे ठेवावा, म्हणजे असे का ते ध्यानात येईल.

यरुशलेमेतील मंडळीत कुरकुर सुरू झाली ती कशावरून? धर्ममतावरून नव्हे, तर अन्नावरून. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी त्या कुरकुरीस तुच्छ मानले नाही, आणि ते काम त्यांनी आपल्या हातीही घेतले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून सात माणसे निवडण्यास सांगितले. त्या माणसांची कीर्ती चांगली असावी व त्यांच्या ठायी आत्मा आणि ज्ञान ही असावी, एवढीच अट होती. आता निवडलेल्यांची नावे पाहा. स्तेफन, फिलिप्प, नीकलाव आणि बाकीचे चौघे. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे मंडळीने ह्या कामावर नेमली असे दिसते. परंतु त्यांच्या हाती सोपवलेली पंगत एकट्या ग्रीक विधवांची नव्हती, सर्वांची होती.

आपल्याकडे ही सवय का लागली नाही ह्यास कारण आहे. नाशकास चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ साली सुरू झाले, व पुढे शरणपूर वसले. त्या काळी शाळा मिशनची असे. पंतोजी कोण नेमावा हे साहेब ठरवीत, आणि आपले वाडवडील उपकार मानून मुले पाठवीत. ते उपकार खरेच होते. तथापि शाळा आपली आहे व तिचा हिशेब विचारणे हे आपले काम आहे, ही कल्पना त्या रीतीने अंगी बाणली नाही. इकडे सरकारी शाळा १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या, आणि १९६२ सालापासून खेड्यांतील शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. साहेब गेले, पण हात जोडून दारात उभे राहण्याची सवय मात्र अजून पुरती गेली नाही.

१ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलात आहे. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ह्या समितीत शंभरात ७५ सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असले पाहिजेत, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. दुर्बळ व वंचित वर्गांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेच्या कामावर देखरेख करणे, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे, आणि सरकारातून आलेला पैसा कसा खर्च होतो हे पाहणे, ही समितीची कामे होत. (अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांत मात्र, २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे, समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे आहे.) ह्यावरून दिसेल की, ज्या उपदेशकाचे मूल त्या शाळेत नाही त्याला पालक म्हणून उभे राहता येत नाही. त्याने हे कलम मंडळीत वाचून समजावून द्यावे, तेवढे पुरे.

आता पंगतीकडे वळू. शाळेत दुपारचे जेवण मिळते, आणि त्याचे माप ठरलेले आहे: पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्राम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्राम. म्हणजे खालच्या वर्गांतील ४० मुले जेवली तर ४ किलो तांदूळ शिजला पाहिजे. ज्या बाईने जन्मभर चुलीपुढे बसून घरच्यांचे माप काढले, तिला पातेल्याकडे पाहून कळते की हे चार किलो आहेत की तीन. ह्या कामास पदवी लागत नाही. हजेरीपटावर किती मुले, पंगतीत किती बसली, आणि कोणते लेकरू वेगळे बसवले आहे, हे तिने डोळ्यांनी पाहावे. वेगळे बसवलेले लेकरू आपल्या मंडळीतले नसले, तरी तिने बोलावे. किंबहुना ते आपले नसेल तेव्हाच तिच्या बोलण्याची परीक्षा होते.

येथे एक भेद विसरू नये. ते सात जण मंडळीचे सेवक होते. शाळेची समिती ही सर्व गावाची आहे. तिच्या बैठकीत शुभवर्तमानाचा प्रचार करण्यास जागा नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण देता येत नाही. हे कलम आपल्यालाही लागू आहे, आणि आपल्या मुलांचे रक्षणही तेच करते. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना जे पत्र लिहिले (अध्याय २९), त्यात परक्या नगराचे हित साधण्यास सांगितले आहे. ते नगर यहूदी व्हावे अशी अट घातलेली नाही.

उभे राहणाऱ्याने मते मागताना चहापाणी करू नये, व भावकीच्या नावाने कोणास बांधून घेऊ नये. घरोघर जाऊन इतकेच सांगावे की, मी प्रत्येक बैठकीस येईन आणि काय ठरले ते तुम्हास सांगेन. निवडून न आल्यास रुसून पालकसभा सोडू नये. हिशेब विचारण्याचा हक्क सभासद नसलेल्या पालकासही आहे.

शेवटी सहीविषयी. कित्येक गावी सभासदाचे नाव कागदावर असते, बैठक झालेली नसते, आणि वही घरी येते. अंगठा उठतो आणि वही परत जाते. आमच्या मते समितीवर मुळीच न जाणे हे असल्या सभासदत्वापेक्षा बरे. ज्या बहिणीस वाचता येत नाही तिने वही घेऊन येणाऱ्यास बसण्यास पाट द्यावा, आणि सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगावे. शाळेत जाणारे तिचे मूल जवळ असल्यास त्याच्याकडूनच तो वाचवून घ्यावा. न झालेल्या बैठकीचा मजकूर त्यात असल्यास, नम्रपणाने वही मिटून परत द्यावी.