व्यवस्थापनशास्त्राची मुळे : घड्याळ, हिशेबवही आणि माणूस

आज आपली मुले व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीकडे मोठ्या आशेने पाहतात, ही आनंदाची गोष्ट आहे. आम्ही बँकेत लेखनिक. ‘उद्दिष्ट’ आणि ‘कार्यक्षमता’ हे शब्द आमच्या रोजच कानी पडतात. हे शब्द आले कोठून, ते थोडक्यात पाहू.

या शास्त्राचा पाया अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) याने घातला असे मानतात. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजावी, काम करण्याची एकच उत्तम रीत ठरवावी आणि कामगाराने तिच्याप्रमाणेच वागावे, असे त्याचे म्हणणे. त्याचा प्रमुख ग्रंथ १९११ साली निघाला. बेथलहेम पोलाद कारखान्यात रोज साडेबारा टन लोखंड उचलणाऱ्या मजुराकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतल्याचे त्याने त्यात सांगितले आहे. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर एवढीच वाढली. काम जवळजवळ चौपट झाले, मजुरी दुप्पटही झाली नाही!

अशा कामाला बैलासारखा मंद माणूसच बरा, असे टेलरचे मत होते. पण ज्या मजुराचे उदाहरण त्याने दिले, तो सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातांनी आपले छोटे घर बांधत होता, हेही टेलरनेच लिहून ठेवले आहे. स्वतःचे घर उभारणारा माणूस मंद कसा? विचार करणारे वेगळे आणि राबणारे वेगळे, ही समजूत येथे मोजमापाच्या आधीच गृहीत धरलेली होती.

या समजुतीचे मूळ आणखी मागे जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांच्या श्रमावर कापसाचे मळे चालत. कोणत्या गुलामाने आज किती कापूस वेचला, याची रोजची नोंद ठेवण्यासाठी १८४० नंतरच्या दशकात छापील हिशेबवह्या विकत मिळत. गुलामाची किंमत आणि त्या किमतीतली घटही त्यांत मांडली जाई. टेलरचा सहकारी हेन्री गँट याचा जन्मही १८६१ साली मेरीलँडमधील गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबातला. त्याच्या नावाचा कामाचा तक्ता आजही अभ्यासक्रमात आहे. हिशेब चोख असला म्हणजे व्यवहार न्याय्य ठरतो असे नाही, हे बँकेत बसून आम्हांला चांगले कळते.

टेलरच्या पद्धतीला विरोधही झाला. वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात १९११ साली घड्याळाविरुद्ध संप झाला आणि पुढे अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली.

कार्यक्षमतेचे हे वारे मुंबईतही आले. काही गिरण्यांनी विणकऱ्याला दोनऐवजी तीन माग सांभाळायला लावले. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळाच प्रश्न पुढे आणला. अधिक पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब सांगितली जाई. कार्यक्षमतेचा एवढा गाजावाजा चालला असताना कुशल हात जातीमुळे दाराबाहेर उभे होते! जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

म्हणून हे शास्त्र टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. कामाची आखणी, वेळेची शिस्त आणि चोख नोंदी यांच्यावाचून आपली संस्थासुद्धा चालणार नाही. विद्यार्थ्यांनी हे शास्त्र अवश्य शिकावे आणि वरच्या जागांवर जावे. मात्र तेथे बसल्यावर दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : घड्याळ कोणाच्या हाती आहे? आणि ज्याचे काम मोजले जात आहे, त्याचे म्हणणे आपण ऐकून घेतले काय?