जागरण आणि शरीरातले घड्याळ

परीक्षा जवळ आली की रात्री दोनपर्यंत जागायचे आणि रविवारी दहापर्यंत झोपून भरपाई करायची, असा बेत तुमच्यापैकी पुष्कळजण आखतात. शरीराला हा हिशेब पटतो का?

१९३८ साली नथॅनिएल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ आपला विद्यार्थी रिचर्डसन याच्यासह अमेरिकेतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ना ऊन, ना पहाट. दोघांनी २४ ऐवजी २८ तासांचा ‘दिवस’ पाळला आणि शरीराचे तापमान टिपून ठेवले. आपले तापमान संध्याकाळी किंचित चढते, पहाटेपूर्वी उतरते. तरुण रिचर्डसनचे आठवड्याभरात नव्या दिवसाला रुळले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचे मात्र २४ तासांच्याच तालावर राहिले. परिणामी झोपायच्या वेळी त्यांना झोप येईना!

आपण तरुण, म्हणजे आपणही रुळू, असे समजू नका. गुहेत सकाळ होत नव्हती. तुमच्या खिडकीत ती रोज होते, आणि मेंदूतले घड्याळ तो उजेड पाहूनच लावले जाते. तेव्हा उठण्याची वेळ रविवारीही बदलू नका. हवे तर सुट्टीच्या दिवशी जागेपणी दर तीन तासांनी आपले तापमान मोजा आणि त्याचा आलेख काढा.