आधी तुझं ताट वाढ

अगं मनू, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग मला झोपच येईना. तुझा आवाज रडवेला होता. "ताई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या अंडी खा, मासे खा. आमच्या घरात तर अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. मग माझ्या बाळाचं कसं होणार?" फोनवर सगळं बोलता आलं नाही. तुझ्या सासूबाई शेजारीच होत्या, आणि मलाही नीट आठवून, जुळवून सांगायचं होतं. म्हणून आज सावकाश लिहितेय.

आधी भीती काढून टाक. वरण, उसळ, भाकरी, पालेभाजी, दूध, दही, शेंगदाणे या आपल्या जेवणावर सुदृढ बाळ होतं. फक्त एक लक्षात ठेव. शाकाहार पुरतो, पण तो आपोआप पुरत नाही, वाढून घ्यावा लागतो. आणि एक गोष्ट अशी आहे की जी स्वयंपाकघरातून पुरेशी मिळेलच असं नाही. तिच्याकडे मी पुढे येते.

तुला आत्ता तिसरा महिना आहे, सकाळी उठलं की मळमळतं, फोडणीचा वास सहन होत नाही. या दिवसांत "दोघांचं खा" म्हणून कुणी मागे लागलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या अन्नाची गरज फारशी नसतेच. बाळ अजून एवढुसं आहे. उठल्या उठल्या पाय खाली ठेवायच्या आधी भाकरीचा कोरडा पापुद्रा, चार लाह्या नाहीतर मूठभर कुरमुरे चावून खा. पोट पूर्ण रिकामं राहू देऊ नकोस. मऊ भात-मेतकूट, ताक, आल्याचा तुकडा चालतो. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर मात्र वाट न बघता दवाखान्यात जायचं. चौथ्या महिन्यापासून भूक परत येईल, आणि खरं काम तेव्हा सुरू होतं.

आपल्या आईचं जेवण तुला आठवतं का? बाबा, आजी, आपण दोघी, आलागेला पाहुणा, सगळ्यांची पानं उठली की ती बसायची. वरण संपत आलेलं असायचं, मग त्यात तांब्याभर पाणी घालून एक उकळी आणायची. भाजीची कढई भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण घरोघरी हेच होतं. आज मला ते आठवलं की पोटात कालवतं. त्या पातळ वरणात डाळ किती असेल? आणि तेव्हा ती धाकट्या भावाच्या वेळची सात महिन्यांची गरोदर होती.

म्हणून माझं पहिलं मागणं आहे की तुझ्या वाटीतलं वरण घट्ट असू दे. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, डाळीचं वरण खाल्लं की ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढीच वाटीभर मटकीच्या उसळीतून, पेलाभर दुधातून, मूठभर शेंगदाण्यांतून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आपल्यासारख्या बाईला एरवी दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मधल्या तीन महिन्यांत त्यात साडेनऊ ग्रॅमची भर घालायची आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची. आकडे पाठ करू नकोस. दोन वेळा घट्ट वरण किंवा आमटी, एकदा उसळ, दोन पेले दूध, वाटीभर दही, मूठभर दाणे-फुटाणे, आणि चार भाकऱ्या-पोळ्या, थोडा भात एवढं दिवसभरात झालं की शेवटच्या महिन्यांचा हिशोबही जवळपास पुरा होतो. भाकरीबरोबर डाळ, भाताबरोबर वरण ही जोडी आपल्या आज्यांनी उगाच लावलेली नाही. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते धान्यात. मोड आलेली कडधान्यं खा, पण कच्ची नकोत. शिजवून उसळच कर. कच्च्या मोडांतून जंतूंची बाधा होऊ शकते, आणि या दिवसांत ती परवडत नाही. दूधही उकळलेलंच.

आता लोहाचं सांगते, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. माझ्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. मला पटेचना, कारण लोहाची गोळी मी एक दिवस चुकवली नव्हती. पण घेत कशी होते? सकाळी, चहाबरोबर! चहातली द्रव्यं लोहाला आतड्यात धरून ठेवतात, ते फारसं रक्तात शिरू देत नाहीत. दुधाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही तोच प्रकार. मी जिथे तपासणीला जात होते तिथे गोळ्यांचं पाकीट हातात मिळालं, पण त्या कशाबरोबर घ्यायच्या हे कुणी सांगितलं नाही. नंतर एका वयस्क नर्सबाईंनी विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर मी गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले आणि दोन महिन्यांत आकडा वर आला.

आपल्यासारख्यांना हे जास्त जपावं लागतं. धान्य-डाळी-भाज्यांतलं लोह मांसातल्या लोहासारखं सहज शोषलं जात नाही. त्याला आंबटाची सोबत लागते. उसळीवर लिंबू पिळ, जेवणात टोमॅटोची कोशिंबीर घे, आवळा, पेरू, संत्रं खा. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. चहा सोड असं मी म्हणत नाही. दिवसाला दोन कप, मधल्या वेळेला. बाजरीची भाकरी, मटकी, चवळी, हुलगे, हरभरे, शेवग्याचा पाला, माठ, मेथी हे सगळं तुमच्या साताऱ्याच्या बाजारात मिळतं. आमटीत चिंच-कोकम पडत असेल तर ती लोखंडी कढईत कर, कढईचं लोह आमटीत उतरतं.

आणि बिटाबद्दल सांगते, कारण तू काल मोठ्या उत्साहानं म्हणालीस की रोज बिटाचा रस पितेय. लाल रंग बघून आपण त्याला रक्त समजतो. १०० ग्रॅम बिटात मिलिग्रॅमभरही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात ६ मिलिग्रॅमच्या वर असतं. बीट, डाळिंब आवडीनं खा, पण रक्त वाढवायला त्यांच्यावर विसंबू नकोस. तुला दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह हवं आहे, ते नुसत्या जेवणातून भरून निघणं अवघड. म्हणून सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची. बाळंतपणानंतरही १८० दिवस ती घ्यायची असते. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. बद्धकोष्ठ होईल, त्याला पाणी, पेरू, पालेभाजी. पण गोळी बंद करायची नाही. माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटली तर "डोहाळे" म्हणून सोडून देऊ नकोस. पुष्कळदा ती लोह कमी झाल्याची खूण असते. लगेच रक्त तपासून घे.

आता ती एक गोष्ट. बी-१२. हे जीवनसत्त्व झाडापाल्यात नसतं. डाळीत नाही, भाजीत नाही, फळात नाही. आपल्याला ते मिळतं फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून, आणि तेही थोडं थोडं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी केली. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मताना जास्त भरलेली होती. म्हणजे आपल्याच शेतातल्या अन्नाची ताकद त्यांनी मोजून दाखवली. पण त्याच पाहणीत दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी पुढच्या मधुमेहाकडे नेणारी लक्षणं सगळ्यांत जास्त दिसली. मनू, या बायका आपल्याच मातीतल्या होत्या. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

तेव्हा पुढच्या तपासणीला बी-१२ ची रक्तचाचणी स्वतःहून माग. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन निमूट घे. त्यात शाकाहाराचा काही पराभव नाही, आणि गोळी घेतली म्हणून तुझं खाणं कमी प्रतीचं ठरत नाही. दूध-दही रोज, न चुकता. त्यानं कॅल्शियमचंही बरंचसं काम होतं. दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं. दोन पेले दूध, वाटीभर दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, चमचाभर तीळ असं धरलं की जवळ पोचतेस. उरलेल्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या असतातच, त्या जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर. मीठ आयोडीनचंच वापर. सैंधव उपवासापुरतं ठीक, रोजच्या स्वयंपाकात नको.

उपवासाचं निघालंच आहे तर स्पष्ट बोलते. या नऊ महिन्यांत कडक उपवास करू नकोस. चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं आणि मग साबुदाण्याची खिचडी यात बाळाच्या वाट्याला जवळजवळ नुसता पिष्टपदार्थ येतो. नियम मोडायचं मनाला लागत असेल तर राजगिऱ्याची भाकरी, भगर, दाण्याची आमटी, दूध, फळं अशा खाण्यानं उपवास कर, आणि दर दोन-तीन तासांनी खा. देव तुझ्यावर रागावणार नाही.

आता ऐकीव गोष्टींचं सांगते. केशरानं बाळ गोरं होत नाही. पिकलेली पपई चार फोडी खाल्ल्यानं काही होत नाही, कच्ची मात्र टाळ. डोहाळजेवणाच्या हौसेत रोज लाडू-शिरा सुरू झाला तर साखर वाढते, म्हणून साखरेची चाचणी वेळेवर कर आणि गोड बेतानं खा. वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढलं की पुरे, तुझी मूळची अंगकाठी बघून डॉक्टर नेमकं सांगतील. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतपणानंतर मीच करून आणीन.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्या मायेनं करतात, फक्त त्यांच्या वेळी त्यांनाही कुणी सगळ्यांत आधी वाढलं नव्हतं. त्यांना तपासणीला बरोबर घेऊन जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, तिथे त्यांच्यासमोरच बी-१२ आणि लोहाचं विचार. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्या स्वतःच तुझ्या गोळीची आठवण ठेवतील. माझ्या सासूबाईंनी तेच केलं होतं.

आणि आज संध्याकाळपासून एवढं कर. पानं घ्यायच्या आधी एका वाटीत घट्ट वरण, एका वाटीत भाजी, एका वाटीत दही काढून झाकून ठेव, तुझ्या नावानं. मग बाकीच्यांना वाढ. उद्या फोन करशील तेव्हा मी आधी तेच विचारणार आहे.