ड्रोन, आकाश आणि तानसाचं जंगल

पावसाळा सुरू झाला की आमच्या खर्डी स्टेशनवर कसारा लोकलमधून ट्रेकर्सचे ग्रुप उतरतात. हल्ली कुणाच्या तरी सॅकमध्ये ड्रोन असतोच. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "छोटा आहे, लायसन्स लागत नाही." हे कितपत खरं आहे, ते आपण बघू या.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला, आणि व्यवसायासाठी नसेल तर मायक्रोलाही, पायलटचं लायसन्स लागत नाही. नकाशावरच्या ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत उडवायला परवानगीसुद्धा नको. पण हे नियम विमान वाहतुकीचे आहेत. ग्रीन झोन म्हणजे फक्त आकाश मोकळं.

खाली तानसा अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू होतो. कलम 27 प्रमाणे बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय आत जाता येत नाही. अभ्यास, संशोधन, फोटोग्राफी यांसाठी कलम 28 खाली वनखातं परवाना देतं. म्हणजे आकाशाचा नियम वेगळा, जंगलाचा वेगळा, आणि दोन्ही पाळायचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा यंत्राने काय होतं? साधा हिशोब करा. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला 6000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 100. पाती दोन, म्हणून आवाज 200 हर्ट्झचा, वर त्याच्या पटीतले सूर. असे चार प्रोपेलर डोक्यावर!

अमेरिकेत मिनेसोटामध्ये अस्वलांवर प्रयोग झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. ड्रोन आल्यावर अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीही नाहीत, पण एकीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 123 ने वाढले. कॅलिफोर्नियात 2021 मध्ये ड्रोन घरट्यांजवळ पडला आणि सुरय पक्षी सुमारे 1500 अंडी सोडून उडून गेले.

आपल्याकडे तर रानपिंगळा आहे. 1884 नंतर तो दिसेना, नामशेष झाला असंच समजत होते. 1997 मध्ये तो नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि 2014 मध्ये आपल्या तानसात दिसला. हा पिंगळा दिवसाही हिंडतो, म्हणजे नेमका आपल्या शूटिंगच्या वेळी.

म्हणून मित्रांनो, जंगलातला प्रोजेक्ट करायचा असेल तर मोटर, बॅटरी, प्रोपेलरच्या यादीत पहिली ओळ वनखात्याच्या परवान्याची लिहा. आणि तो मिळाला नाही, तर ड्रोन कॉलेजच्या ग्राउंडवर उडवा.