एका दात्याचा हिशेब: वाळूत क्वाड चालवायची तर स्प्रॉकेट कोणतं, खर्च किती?

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल बदायरची लाल वाळूची टेकडी लागते. सगळे तिला ‘बिग रेड’ म्हणतात, उंची साधारण १०० मीटर. थंडीच्या दिवसांत सुटीच्या सकाळी तिच्या पायथ्याशी उभं राहिलं, की कोणाच्या क्वाडचं गिअरिंग जमलेलं नाही ते नुसत्या आवाजावरून कळतं. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात येतं, चढाच्या मध्यावर आवाज खाली बसतो, चालवणारा दुसरा टाकायला क्लच दाबतो आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात वाळू गाडीला धरून ठेवते. मागची चाकं खड्डा करत खाली जातात. मग गाडी आडवी वळवून परत पायथ्याला.

अलिबाग-नागावच्या ओल्या पुळणीवर क्वाड चालवलेल्या आपल्या लोकांना हे पहिल्यांदा समजत नाही. ओली पुळण जवळजवळ रस्त्यासारखी कडक असते. इथली कोरडी वाळू वेगळी: थ्रॉटल सोडला की ब्रेक मारल्यासारखी गाडी थांबते. म्हणून गिअर बदलताना इंजिनचा जोर तुटता कामा नये आणि पुढच्या गिअरमध्ये इंजिन दमून बसता कामा नये. स्प्रॉकेट बदलायचं ते यासाठी.

शारजात जुनी यामाहा रॅप्टर ७०० विकत घेणारे बरेच आहेत, म्हणून हिशेब तिच्यावरच मांडतो. कंपनीतून ती पुढे १४ आणि मागे ३८ दात्यांचं स्प्रॉकेट घेऊन येते. ३८ भागिले १४ म्हणजे २.७१. हा आकडा वाढला की पिकअप वाढतो, टॉप स्पीड कमी होतो. पुढचा एक दाता कमी करून १३ केला तर आकडा २.९२ होतो, म्हणजे जवळपास ८ टक्के फरक. पूर्वी ज्या आरपीएमला ताशी १०० किलोमीटर मिळायचे, तिथे आता ९३ मिळतील. मागे ३८ ऐवजी ४१ लावलं तरी तेवढाच फरक पडतो. म्हणजे पुढचा एक दाता मागच्या तिघांच्या बरोबरीचा. खर्चाचं सगळं गणित याच ओळीत आहे, कारण पुढचं स्प्रॉकेट मागच्याच्या निम्म्या किमतीत मिळतं.

पण त्याआधी टायर. कंपनीचं मागचं टायर २० इंची असतं. वाळूसाठी पॅडल टायर घेताना बरेच जण २२ इंची घेतात आणि टायरनेही गिअरिंग बदलतं हे विसरतात. उंची १० टक्के वाढली म्हणजे गिअरिंग तेवढंच जड झालं. त्यात पॅडल वाळूला घट्ट पकडतात, घसरत नाहीत, त्यामुळे इंजिनवर आणखी भार. २२ इंची टायरवर मूळचाच पिकअप परत हवा असेल तर गुणोत्तर २.९९ च्या आसपास लागेल: १४/४२, किंवा १३/३९. म्हणजे १३ दात्यांचं स्प्रॉकेट लावलेली माणसं जेव्हा ‘काही फरकच पडला नाही’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्या दात्याने टायरने खाल्लेला जोर भरून काढलेला असतो, एवढंच.

टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. टायरला आणि फरशीला खडूची खूण करा, गाडीवर कोणाला तरी बसवा आणि चाक एक पूर्ण फेरा ढकलून टेपने मोजा. २० इंची टायरचा कागदावरचा घेर सुमारे १६० सेंटीमीटर, २२ इंचीचा १७५. कमी हवेत, वजनाखाली, प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरतो. जुन्या आणि नव्या टायरचे मोजलेले आकडे एकमेकांना भागले की किती दाते लागतील ते समजतं.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका दुकानदाराने ‘वाळूसाठी हेच’ म्हणून १३/४२ चा अख्खा सेट गळ्यात मारला. टायर किती इंची, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझे पॅडल २० इंचीच होते. गिअरिंग १९ टक्के हलकं झालं. पहिला गिअर टाकेपर्यंत संपायचा, सपाट वाळूवर पाचव्यात इंजिन शेवटच्या आरपीएमला जाऊन अडकायचं आणि चढावर एकाऐवजी दोनदा गिअर बदलावे लागायचे. जिथे गिअर बदलू नये, नेमका तिथेच बदलावा लागायचा. साडेनऊशे दिरहॅम त्यात गेले.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: सेट घेऊ नका. पहिल्यांदा फक्त पुढचं १३ दात्यांचं घ्या. मला ते ११० दिरहॅमला पडलं, नटमागचं लॉक वॉशर १५ आणि मजुरी ६०. वर ५ टक्के व्हॅट धरला तरी दोनशेच्या आत काम होतं. वॉशर नवंच घाला. जुन्याची वाकवलेली कड पुन्हा सरळ केली की तिथेच तडकते. नट फार घट्ट बसलेला असतो, तेव्हा इम्पॅक्ट गन असलेल्या गॅरेजमध्येच जा. छिन्नी-हातोड्याने नट काढणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका, शाफ्टची चुडी गेली तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

मग एकाच टेकडीवर, एकाच ठिकाणाहून धाव घेऊन तीनदा चढा. तिसऱ्या गिअरमध्ये माथ्यापर्यंत ओढते का, एवढंच बघा. ओढत असेल तर तिथेच थांबा. थोडक्यात कमी पडत असेल तर मागचं ३८ चं ४० करा: स्टीलचं साधारण २००-२५०, ॲल्युमिनियमचं ३००-३५० दिरहॅम. वजनाला ॲल्युमिनियम हलकं, पण बारीक वाळू त्याचे दाते भराभर खाते. शर्यत लावायची नसेल तर स्टील घ्या. पुढे १२ दात्यांचं मिळतं, पण माझ्या मते घेऊ नये: चेनला फार लहान वळण घ्यावं लागतं आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टी चेनखाली घासून जाते.

आणि ४५० सीसीवाल्यांसाठी: यामाहाची वायएफझेड ४५०आर कंपनीतून १४/३८ वरच येते, पण तिचं इंजिन वरच्या आरपीएमला जोर देतं. तिला १३ दाते खरोखर मानवतात. ७०० चं मोठं सिंगल सिलिंडर खालूनच ओढतं, २० इंची पॅडलवर तिला बऱ्याचदा काहीच बदलावं लागत नाही. बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक क्वाडना हा लेख लागू नाही.

चेनचा खर्च वेगळा धरा. ओ-रिंगची ५२० चेन मला ४२० दिरहॅमला पडली. जुन्या ताणलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट लावणं म्हणजे स्प्रॉकेट वाया घालवणं. मागच्या स्प्रॉकेटचे दाते विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले दिसले, की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकदम बदला. चेन चांगली असेल आणि फक्त एक दाता कमी केला असेल तर कडी काढावी लागत नाही. ॲक्सल जेमतेम ४ मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. ताण मात्र गाडीवर बसूनही तपासा, वजनाने चेन आणखी ताणली जाते. वाळूत जाण्याआधी चेनला चिकट ग्रीस फासू नका. त्यात वाळू बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासते. परत आल्यावर ब्रशने झाडा, मग कोरडं ल्यूब मारा.

स्प्रॉकेटला हात लावण्याआधी दोन फुकटातल्या गोष्टी बघा. एअर फिल्टर वाळूने चोंदलेला असला तरी गाडी चढावर अशीच दम सोडते. आणि पॅडलमध्ये हवा जास्त असली तर ते वाळूवर पसरत नाहीत, खणत जातात. क्लच घसरत असेल तर कुठलंही गिअरिंग कामाचं नाही. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, तर दोष क्लचचा.

काढलेलं १४ दात्यांचं स्प्रॉकेट तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. लिवाला जायचं ठरलं, की तिथल्या टेकड्यांमधल्या लांब पट्ट्यांवर २० इंची टायरबरोबर तेच परत चढवावं लागेल.